थर उलगडताना: पुरातत्त्व आणि मनाचं स्वास्थ्य

परीक्षेच्या दिवसांत आपल्या वर्गात एक वाक्य सारखं ऐकू येतं: "मनच लागत नाही रे." कुणाचं सबमिशन राहिलेलं असतं, कुणाला घरची आठवण येत असते. कुणी रात्रभर मोबाइल बघत जागं असतं आणि सकाळी काय बघितलं तेही त्याला आठवत नाही. मन लागत नाही म्हणजे ते कशालाच चिकटत नाही.

या लेखाचा विषय मनाशी जोडलेला आहे असं पटकन वाटणार नाही. तो विषय आहे पुरातत्त्व. आपण साहित्याचे विद्यार्थी, जमीन खोदणं काही आपलं काम नाही. तरीही जगात काही ठिकाणी मनाने दुखावलेल्या माणसांना मुद्दाम उत्खननावर किंवा प्राचीन स्थळांवर नेलं गेलं, आणि त्याचा त्यांना उपयोग झाला. तो कशामुळे झाला असेल? आणि सुरतेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातलं काय घेता येईल? ते क्रमाने पाहू.

पांढरीचं टेकाड

महाराष्ट्रातल्या गावांत जमिनीचे दोन रंग ओळखले जातात, काळी आणि पांढरी. काळीत पीक येतं, पांढरीत वस्ती असते. माणसं एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंतींची माती, हाडं, फुटकी भांडी असं सगळं तिथे साचत जातं. जमीन हळूहळू उंच आणि फिकट होते. जुन्या वस्तीच्या अशा उंचवट्याला पांढरीचं टेकाड म्हणतात. गुजरातीत त्यालाच टिंबो म्हणतात.

पुरातत्त्वज्ञ शोधतो ते हे टेकाड. सिनेमात दाखवतात तसा सोन्याचा हंडा सहसा कुणाला सापडत नाही. सापडतात ती खापरं. म्हणजे आपल्या आधी राहून गेलेल्यांनी निरुपयोगी म्हणून फेकून दिलेल्या वस्तू. त्यांनी टाकलेलं उचलून, धुऊन, त्यावर नंबर घालून जपणं, हा या शास्त्राचा रोजचा उद्योग आहे.

थर म्हणजे काय, हे सुरतेच्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये तापीचा पूर शहरात शिरला. घरातली मोठी माणसं अजूनही काळ मोजताना "रेलच्या आधी" आणि "रेलच्या नंतर" असं बोलतात. पाणी ओसरलं आणि मागे गाळ राहिला. उद्या कुणी इथे खणलं आणि तो गाळ कुठे शिल्लक असला, तर तो मातीत एक पातळ पट्टा म्हणून दिसेल. त्याच्या खाली माणसांच्या राहण्याच्या खुणा असतील, आणि वरही असतील. ही "वरही" महत्त्वाची आहे. संकटाचा थर असतो, पण सहसा तो शेवटचा थर नसतो.

काम कसं चालतं

उत्खननासाठी आधी दोऱ्या बांधून चौकोनी चर आखतात. जो थर सगळ्यात शेवटी साचला तो सगळ्यात वर असतो, म्हणून तोच आधी काढायचा. माती खुरपीने थोडी थोडी खरवडायची, ब्रशने झाडायची, मग चाळणीने चाळायची. एखादी वस्तू डोकावली तरी ती ओढून काढायची नाही. आजूबाजूची माती त्याच पातळीवर आणायची, फोटो घ्यायचा, चित्र काढायचं, खोली मोजायची. शेजारी काय होतं तेही लिहायचं. नोंद न करता उचललेली वस्तू अर्धी मुकी होते, कारण ती कुणाजवळ आणि कशाबरोबर होती हे मग कधीच कळत नाही.

आता याच कामाकडे मनाच्या बाजूने बघा. नजर वीतभर जागेवर ठेवावी लागते. हात सतत चालू असतात. घाई केली तर नुकसान होतं, त्यामुळे सावकाश चालणाऱ्याला इथे कुणी "स्लो" म्हणून हिणवत नाही. दिवसाच्या शेवटी दहा सेंटिमीटर माती गेलेली दिसते. काम छोटं असेल, पण ते झालेलं डोळ्यांना दिसतं. शेजारी चार माणसं त्याच कामात असतात. त्यांच्याशी बोललं तर चालतं, गप्प राहिलं तरी चालतं. स्वतःबद्दल काही सांगायची सक्ती नसते, बोलायला समोर खापर असतं.

ज्याला "तुला काय होतंय?" या प्रश्नाचीच भीती वाटते, अशा माणसासाठी ही शेवटची गोष्ट किती मोठी आहे, हे पुढच्या उदाहरणात दिसेल.

सॉल्सबरीच्या माळावरचे सैनिक

अफगाणिस्तानच्या युद्धातून ब्रिटनचे अनेक सैनिक जखमी होऊन परतले. काहींच्या जखमा शरीरावर होत्या, काहींच्या दिसत नव्हत्या. त्यांच्यासाठी ब्रिटनच्या संरक्षण खात्यात २०११ मध्ये एक उपक्रम सुरू झाला, 'ऑपरेशन नाइटिंगेल'. नाव अर्थातच फ्लॉरेन्स नाइटिंगेलवरून. इंग्लंडमधल्या सॉल्सबरीच्या माळाचा मोठा भाग लष्कराच्या सरावासाठी राखीव आहे आणि त्याच माळावर हजारो वर्षांपूर्वीच्या वस्त्यांचे नि दफनांचे अवशेष आहेत. त्यांची काळजी घेणं लष्कराचीच जबाबदारी. 'द रायफल्स' या पलटणीच्या जखमी सैनिकांना पुरातत्त्वज्ञांबरोबर तिथे उत्खननाला बसवलं गेलं.

तिथलं बॅरो क्लम्प हे स्थळ प्रसिद्ध झालं. कांस्ययुगातला दफनाचा उंचवटा, आणि त्यातच इ.स.च्या सहाव्या शतकातली अँग्लो-सॅक्सन दफनभूमी. बॅजर नावाचा बिळं करणारा प्राणी तिथली हाडं उकरून बाहेर काढत होता, म्हणून उत्खनन करणं भागच होतं. म्हणजे सैनिकांना मन रमवायला दिलेलं हे खोटं काम नव्हतं. त्यांनी ते केलं नसतं तर थडगी खरोखरच नष्ट होत गेली असती.

हा तपशील मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. खचलेल्या माणसाला आपण बहुतेक वेळा कामातून बाजूला काढतो. "तू आराम कर, आम्ही बघतो." प्रेमानेच म्हणतो, पण त्यातून त्याला एवढंच ऐकू येतं की आपली आता गरज नाही. इथे उलट झालं. जमीन वाचणं, मोजमाप घेणं, तुकडीत राहून काम करणं, ही कौशल्यं सैनिकांकडे आधीपासून होती. तीच इथे कामी आली. त्या थडग्यांत भाले-ढालींसह पुरलेले योद्धेही होते. चौदाशे वर्षांपूर्वीच्या एका योद्ध्याचा सांगाडा आजचा सैनिक ब्रशने हळूच मोकळा करतोय, हे चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. सहभागी झालेल्यांपैकी काही जण पुढे विद्यापीठात पुरातत्त्व शिकायला गेले.

याच माळावर स्टोनहेंज आहे. तिथे २०१६ मध्ये 'ह्यूमन हेंज' नावाचा दुसरा उपक्रम सुरू झाला. मानसिक आजाराशी झगडणारी माणसं छोट्या गटाने, जाणकारांच्या सोबतीने, त्या परिसरात पुन्हा पुन्हा जात. यात खोदकाम नव्हतं. चालणं, बघणं, ऐकणं आणि एकत्र असणं एवढंच होतं. म्हणजे खुरपी हातात नसली तरी चालतं. आपल्यासारख्यांसाठी हे बरंच झालं, कारण परवानगीशिवाय उत्खनन करणं आपल्याकडे कायद्यानेच शक्य नाही.

इनामगावचं अंगण

आपल्याकडची गोष्ट थोड्या वेगळ्या दाराने आत येते. इरावती कर्वे आपल्याला माहीत असतात त्या 'युगान्त'मुळे. पण त्या मानववंशशास्त्रज्ञ होत्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवत होत्या. १९४०च्या दशकात ह. धी. सांकळिया यांच्याबरोबर त्यांनी उत्तर गुजरातमधल्या लांघणज इथल्या उत्खननात काम केलं. तिथे हातपाय दुमडून पुरलेले प्राचीन माणसांचे सांगाडे सापडले. महाभारतातली माणसं समजून घेणाऱ्या आणि वाळूतली हाडं वाचणाऱ्या इरावतीबाई एकच. साहित्य आणि पुरातत्त्व एकमेकांपासून फार लांब नाहीत, याचा हा मला पटलेला पुरावा.

पुढे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने इनामगावला उत्खनन केलं. पुणे जिल्हा, शिरूर तालुका, घोड नदीचा काठ. सांकळिया, म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी ही त्यातली प्रमुख नावं. साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातली ती शेतकऱ्यांची वस्ती. जव हे तिथलं मुख्य पीक. त्यांनी पुराचं पाणी अडवायला बांध घातला होता आणि पाट काढला होता.

इनामगावची माणसं आपल्या मृतांना गावाबाहेर नेत नसत. घराच्या जमिनीखाली किंवा अंगणात पुरत. मूल गेलं तर मातीचे दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवत आणि त्यात ते मूल असे. मोठ्या माणसांना उताणं निजवत, डोकं उत्तरेकडे. अनेकांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळले. मेलेल्याने उठून निघून जाऊ नये, अशी त्यामागची समजूत असावी असं अभ्यासक मानतात. सोबत भांडी ठेवलेली असत.

आता थोडं स्वतःबद्दल. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, माझे आजोबा वसईला गेले. आम्ही सुरतेत. रोज इतक्या गाड्या वसईवरून जातात, पण त्या दिवशी आम्हाला जाता आलं नाही. दफन मोबाइलच्या स्क्रीनवर पाहिलं. पांढऱ्या किटमधली माणसं, लांबून प्रार्थना म्हणणारे फादर, मध्येच अडकणारं नेटवर्क. आईने मूठभर माती टाकायची होती, ती राहिली. त्यानंतर घरात आजोबांचा विषय निघाला की कुणीतरी उठून स्वयंपाकघरात जायचं. असं दोन वर्षं चाललं.

इनामगावबद्दल मी पहिल्यांदा वाचलं ते कॉलेजात आल्यावर, एका प्रोजेक्टसाठी. वाचताना मी त्या दोन कुंभांपाशी थांबलो. तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी दोन कुंभ शोधून आणले, त्यांची तोंडं जुळवली आणि आपण रोज जिथे झोपतो त्याच जमिनीत खड्डा केला. त्या आईचं नाव नाही, भाषा माहीत नाही. पण तिने ते काम घाईत उरकलं नव्हतं, एवढं मातीने जपून ठेवलं आहे. माझं दुःख त्याने कमी झालं नाही. ते एकटं मात्र राहिलं नाही. माणसं फार पूर्वीपासून हेच करत आली आहेत: गेलेल्याला जवळ ठेवण्याची काहीतरी रीत शोधणं.

मग मी घरात एक काम सुरू केलं. वसईहून आणलेल्या आजोबांच्या वस्तूंचा एक डबा होता, कुणी उघडत नव्हतं. चष्मा, तपकिरीची डबी, हिशेबाची वही, एका दांडीला दोरा गुंडाळलेली कात्री. मी उत्खननात करतात तशी प्रत्येक वस्तूची नोंद करायला बसलो. वस्तू काय, कशाची, कुठे असायची, शेजारी काय असायचं. शेवटचे दोन रकाने मला भरता येईनात. ते आईला विचारावे लागले. "कात्री ना? ती शिवणयंत्राच्या खणात असायची," असं म्हणत ती समोर बसली, आणि त्या संध्याकाळी उठून कुठे गेली नाही. त्या वर्षी दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही वसईला गेलो तेव्हा आईने राहिलेली मूठभर माती टाकली.

इनामगावचा आणखी एक थर सांगायला हवा. इ.स.पू. १०००च्या सुमारास तिथे दुष्काळी काळ आला असावा. मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शिकारीवर भर वाढला. तरी पुढची सुमारे तीनशे वर्षं माणसं तिथे राहिली. पुस्तकं या काळाला ऱ्हासाचा काळ म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. पण लहान झोपडीतही चूल होती. आयुष्य आक्रसलं तरी चालू राहतं, हे इथे उपदेशातून सांगावं लागत नाही, जमिनीवर उमटलेल्या गोल खुणांत ते दिसतं.

आपल्या शहरात: कतारगाम

सुरतेत हे सगळं पाहायला फार लांब जावं लागत नाही. कतारगाम दरवाजाच्या परिसरात इंग्रजांची आणि डचांची जुनी दफनभूमी आहे. दोन्ही भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत मोठमोठे घुमट. ही थडगी युरोपातल्या थडग्यांसारखी दिसत नाहीत, इथल्या मुसलमानी मकबऱ्यांच्या वळणावर बांधलेली आहेत.

इंग्रजांच्या बाजूला ऑक्झेंडन बंधूंची दुमजली वास्तू आहे. ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला, जॉर्ज १६६९ मध्ये. मराठी वाचकाला जॉर्ज ऑक्झेंडन माहीत असतो तो १६६४च्या शिवरायांच्या सुरत स्वारीमुळे, तेव्हा तो इथल्या इंग्रज वखारीचा प्रमुख होता. पुस्तकात तो "समोरच्या बाजूचा" माणूस. इथे तो भावाजवळ विसावलेला भाऊ आहे. डचांच्या बाजूला हेन्रिक व्हान रीड याचं भव्य थडगं आहे. मलबारच्या वनस्पतींवरचा 'होर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ त्याने सिद्ध केला. १६९१ मध्ये सुरतेकडे येताना तो जहाजावरच वारला, आणि ग्रंथाचे शेवटचे खंड त्याच्या मृत्यूनंतर निघाले.

घरापासून इतक्या दूर मरण आलं, तर घरी निरोप पोहोचायलाच कित्येक महिने लागत. आपल्यातल्या किती जणांची कुटुंबं धुळे, जळगाव, नंदुरबारहून पोटासाठी इथे आली! लिंबायत, उधन्यात राहणाऱ्यांना दूर राहणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. सुरत हे पहिल्यापासून बाहेरून आलेल्यांचं शहर आहे, आणि एकटं वाटणारे इथे आपण पहिले नाही.

कुठे थांबायचं

एक गोष्ट स्पष्ट करतो. पुरातत्त्व हे औषध नाही. नैराश्य हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर, समुपदेशक आणि वेळ लागतो. नाइटिंगेलमधल्या सैनिकांनाही उपचारांऐवजी खुरपी दिली नव्हती, हे काम उपचारांच्या जोडीला होतं. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी कुणाला तरी सांगा. सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे आणि ती आपल्या भाषांत बोलते.

दुसरं, नुकतंच कुणी गेलं असेल तर दफनभूमीत जाणं प्रत्येकाला मानवेलच असं नाही. मित्राला आग्रह करू नका. त्याच्यासाठी किल्ला किंवा संग्रहालय बरं.

तिसरं, संरक्षित स्थळावरचा दगड, खापर, काहीही उचलायचं नाही, भिंतीवर काही लिहायचं नाही. १९५८ च्या कायद्याने स्मारकाचं नुकसान करणं हा गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, जागेवरून हललेली वस्तू मुकी होते हे आपण वर पाहिलंच.

आपल्याला करता येईल असं

मित्रमैत्रिणींनो, अभ्यासलेख आहे म्हणून शेवटी गृहपाठही देतो. यातलं एक जरी केलंत तरी पुरे.

१. चार-पाच जणांनी मिळून कतारगामला जा. प्रत्येकाने एकच थडगं निवडून अर्धा तास त्याचं चित्र काढायचं. चित्र चांगलं येण्याची गरज नाही. काढताना जे दिसतं ते फोटो घेताना दिसत नाही. मोबाइल तेवढा वेळ पिशवीत.

२. चौकबाजारजवळचा सोळाव्या शतकातला किल्ला किंवा महानगरपालिकेचं मुख्यालय असलेली मुघल सराई बघा. सराई शहाजहानच्या काळातली, १६४४ची. प्रवाशांच्या मुक्कामासाठी बांधलेली ही इमारत आज घरपट्टीच्या कागदांनी भरलेली आहे. एकाच भिंतीत किती वापर होऊन गेले, त्याची यादी करा.

३. घरातली एक जुनी वस्तू घ्या आणि चार रकाने भरा: काय आहे, कशाची आहे, कुठे असायची, शेजारी काय असायचं. जे तुम्हाला येणार नाही ते घरातल्या मोठ्या माणसाला विचारा. खरं काम तिथून सुरू होतं.

४. स्वतःची वही ठेवत असाल तर महिनाभर थरांच्या क्रमाने लिहून बघा. आज काय झालं ते आधी, त्याखाली काल, त्याखाली गेला आठवडा. एकदम तळाला हात घालायचा नाही. वरची माती आधी काढायची, हा नियम उत्खननात वस्तूंना वाचवतो, आणि लिहिताना तो आपल्यालाही सांभाळतो.

येत्या सत्रात मंडळातर्फे कतारगामची फेरी काढावी अशी माझी सूचना आहे. वही आणि पेन्सिल सोबत आणा. पाण्याची बाटलीही आणा, घुमटाखाली सावली असते पण बाहेर ऊन कडक असतं.